गोठलेल्या भूमीतले जुने रोग

(प्रौढ अभ्यासवर्ग आणि शब्बाथ शाळेच्या वरच्या वर्गांचे शिक्षक यांच्यासाठी)

आपल्याकडे एखादा बैल मेला आणि तो गावाबाहेर पुरला, तर दोनतीन पावसाळ्यांनंतर त्याची हाडे तेवढी उरतात. ऊन, पाणी, माती आणि किडेमुंग्या मिळून बाकीचे काम उरकून टाकतात. म्हणूनच 'मातीला मिळणे' हा शब्दप्रयोग आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो. परंतु या पृथ्वीवर असेही विस्तीर्ण प्रदेश आहेत की जेथे पुरलेली वस्तू मातीला मिळत नाही. ती तशीच राहते. शंभर वर्षांनी, हजार वर्षांनी उकरून काढली तरी कातडी, केस, मांस, पोटातले गवतसुद्धा जागच्या जागी सापडते.

अशा भूमीला शास्त्रज्ञ 'पर्माफ्रॉस्ट' म्हणतात. लागोपाठ दोन वर्षे किंवा अधिक काळ जिचे तापमान शून्य अंशाच्या वर जात नाही ती ही भूमी. आपण या पाठात तिला 'कायम गोठलेली भूमी' म्हणू. सायबेरिया, अलास्का, कॅनडाचा उत्तरेकडील भाग, ग्रीनलँडचा किनारा असा हा पट्टा पसरलेला आहे. सायबेरियात काही ठिकाणी गोठलेला थर हजार मीटरांहूनही खोल जातो. उन्हाळ्यात वरची हात-दोन हात जमीन तेवढी वितळते, तिच्यावर गवत व शेवाळ उगवते, आणि हिवाळा आला की ती पुन्हा गोठते. वरचा हा थर दरवर्षी किती खोल वितळतो, यावर आजच्या पाठातील पुष्कळ गोष्टी अवलंबून आहेत.

हवा तापत चालली आहे हे आता सांगावे लागत नाही. मात्र सर्व पृथ्वी सारखी तापत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात आलेले नसते. इ. स. १९७९ पासूनची मोजमापे पाहता उत्तर ध्रुवाकडील प्रदेश साऱ्या पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत आहे. म्हणजे जी भूमी गोठलेली राहावयाची, तीच सर्वांत अधिक तापते आहे. वितळणारा थर खोल जातो, नदीकाठ ढासळतात, आणि खाली ठेवलेले वर येते. त्यात हत्तीच्या जातीच्या मॅमथ या नष्ट झालेल्या प्राण्याचे सुळे असतात, जुनी थडगी असतात, आणि रोगजंतूही असतात.

यमालमधील उन्हाळा

वायव्य सायबेरियात यमाल नावाचे द्वीपकल्प आहे. तेथील नेनेत्स लोकांच्या भाषेत यमाल म्हणजे 'भूमीचा शेवट'. हे लोक रेनडिअर नावाच्या हरणांचे कळप पाळतात आणि चाऱ्यामागोमाग शेकडो मैल फिरतात. आपल्याकडील धनगर मेंढरांचा वाडा घेऊन फिरतात, तसेच म्हणा ना. फरक इतकाच की यांचे घर कातड्याचा तंबू असते व ओझे घसरगाडीवर असते. रेनडिअर हेच त्यांचे अन्न, वस्त्र आणि वाहन.

इ. स. २०१६ च्या जुलै महिन्यात यमालमध्ये पारा ३५ अंशांपर्यंत चढला. सोलापूरकराला त्यात काही वाटणार नाही. परंतु ध्रुवप्रदेशात, जाड लोकरीच्या जनावरांना, तो आगीसारखा होता. कळपांतील जनावरे पटापट मरू लागली. प्रथम लोकांना वाटले की उष्म्याने मरत आहेत. मग माणसे आजारी पडू लागली, तेव्हा तपासणी झाली, आणि रोग ठरला तो अँथ्रॅक्स, म्हणजे आपल्याकडचा फाशी किंवा काळपुळी. त्या भागात हा रोग त्यापूर्वी १९४१ साली आला होता. मध्ये पंचाहत्तर वर्षे गेली होती.

२,३०० हून अधिक रेनडिअर मेले. कुटुंबेच्या कुटुंबे हेलिकॉप्टरने सालेखार्द या शहरातील रुग्णालयात आणली गेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. तिसाहून अधिक लोकांना रोग झाल्याचे सिद्ध झाले, आणि बारा वर्षांचा एक मुलगा दगावला. त्याला आतड्याचा फाशी झाला होता. सरकारने लष्कराच्या खास तुकड्या पाठविल्या. त्यांनी मेलेली जनावरे जागच्या जागी जाळली व ती भूमी निर्जंतुक केली. ज्यांचे कळप गेले, त्यांचे सर्वस्व त्या आठवड्यांत गेले असे म्हणावयास हरकत नाही.

फाशीचा जंतू टिकतो कसा?

येथे थोडे थांबून या रोगाची ओळख करून घेऊ, कारण सारी गोष्ट यावरच उभी आहे. ग्रीक भाषेत 'अँथ्रॅक्स' म्हणजे कोळसा. माणसाच्या कातडीवर या रोगाचा फोड येतो त्याच्या मध्यभागी कोळशासारखी काळी खपली धरते. आपल्या लोकांनी 'काळपुळी' म्हटले तेही याच कारणाने. दोन दूरच्या भाषांनी एकच गोष्ट पाहिली. रशियन लोक याला 'सायबेरियन व्रण' म्हणतात. हे नाव देणारा स्तेपान आंद्रेयेव्स्की हा वैद्य. त्याने १७८८ साली रोग्याच्या फोडातील द्रव स्वतःच्या अंगात घालून घेतला आणि जनावराचा व माणसाचा रोग एकच असल्याचे दाखवून दिले. तो आजारी पडला, पण वाचला. (मिसर देशावरील पीडांपैकी जनावरांची मरी आणि पुढचे फोड, निर्गम अध्याय ९, हा फाशीच असावा असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तो तर्कच आहे. वर्गात कोणी विचारल्यास तर्क म्हणूनच सांगावा.)

जनावराच्या रक्तात असताना हा जंतू काही फार चिवट नसतो. मृत शरीर न उघडता ठेवले, तर आतल्या कुजण्यानेच बहुतेक जंतू मरतात. परंतु रक्त बाहेर आले व त्याला हवा लागली की हा जंतू स्वतःभोवती कठीण कवच तयार करून निजून जातो. या निजलेल्या रूपाला बीजाणू म्हणतात. बीजाणू खात नाही, वाढत नाही, श्वास घेत नाही. तो केवळ वाट पाहतो. उष्णता, थंडी, कोरडेपणा, यांतले काहीच त्याला फारसे बाधत नाही. पुढे कधीतरी चरणाऱ्या जनावराच्या पोटात गेला की तो जागा होतो.

हे प्रथम डोळ्यांनी पाहिले ते रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने. तो त्या वेळी एका लहानशा गावी सरकारी डॉक्टर होता. त्याच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. दवाखान्यातच पडद्याआड एक सूक्ष्मदर्शक यंत्र मांडले होते. बैलाच्या डोळ्यातील पाण्यात त्याने हे जंतू वाढविले आणि ते बीजाणूंत बदलताना व बीजाणूंतून पुन्हा बाहेर येताना पाहिले. त्याने हे प्रसिद्ध केले ते १८७६ साली.

फ्रान्समध्ये शेतकऱ्यांना काही शेते 'शापित' वाटत; तेथे मेंढरे चारली की मरत. लुई पाश्चर अशा एका शेतात फिरत असता त्याला एके ठिकाणी मातीचा रंग वेगळा दिसला. शेतकऱ्याने सांगितले की फाशीने मेलेली मेंढरे आदल्या वर्षी तेथेच पुरली होती. पाश्चरने वाकून पाहिले तर तेथे गांडुळांनी वर आणून टाकलेल्या मातीच्या बारीक गुंडाळ्या होत्या. खाली पुरलेले बीजाणू गांडुळे वर आणीत होती! शाप म्हणतात तो असा होता. पुढे १८८१ साली पुयी-ल-फोर या गावी त्याने लोकांसमक्ष मेंढरांना आपली लस टोचली, व नंतर लस टोचलेल्या आणि न टोचलेल्या अशा दोन्ही कळपांना रोगाचे जंतू दिले. २ जून रोजी लोक पाहावयास आले तेव्हा लस टोचलेली मेंढरे उभी होती, न टोचलेली मेली होती किंवा मरणाच्या वाटेवर होती.

बीजाणू किती काळ टिकतात याचा एक पुरावा मनुष्याने स्वतःच तयार करून ठेवला, आणि तो काही भूषणावह नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिश सरकारने स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील ग्रिनार्ड नावाच्या बेटावर मेंढरे बांधून फाशीच्या जंतूंचे बॉम्ब फोडून पाहिले. मेंढरे मेली. मग ते बेट चाळीसहून अधिक वर्षे माणसांना बंद राहिले. शेवटी १९८६ साली समुद्राच्या पाण्यात मिसळून २८० टन फॉर्मल्डिहाइड त्या एवढ्याशा बेटावर शिंपडावे लागले, व १९९० साली ते सुरक्षित असल्याचे जाहीर झाले. आणि ग्रिनार्ड बेट काही गोठलेले नव्हते. गोठलेल्या भूमीत तर बीजाणूंना अधिकच निवांत.

केवळ उन्हाळ्याने झाले काय?

वर्तमानपत्रांनी यमालची गोष्ट 'बर्फातून राक्षस जागा झाला' अशा थाटात छापली. ती वाचून असे वाटते की ऊन वाढले, भूमी वितळली, रोग आला, संपले. खरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे.

रशियाच्या उत्तर भागात १८९७ ते १९२५ या काळात फाशीने दहा लाखांहून अधिक रेनडिअर मेले होते. ती जनावरे त्याच भूमीत, बहुधा उथळ, पुरलेली किंवा नुसती टाकलेली होती. गोठलेली जमीन खणणे सोपे नसते. पुढे लस आली, साथी थांबल्या. यमालमध्ये रेनडिअरांना नेमाने लस टोचली जात असे. परंतु अनेक दशके एकही जनावर फाशीने मेले नाही, तेव्हा २००७ साली ही लस टोचणे बंद करण्यात आले. कागदावर हा निर्णय शहाणपणाचाच दिसत असेल: रोग नाही, मग खर्च कशाला? जमिनीखालचे जुने सांगाडे मात्र कोणत्याही कागदावर नव्हते. मधल्या काळात कळपही वाढत गेले. कुरण तेवढेच, तोंडे अधिक, त्यामुळे जनावरे गवत मुळापासून, मातीसकट ओढून खाऊ लागली. इशारा मिळाला नव्हता असेही नाही. गोठलेली भूमी वितळल्याने जनावरांची जुनी दफनस्थाने उघडी पडतील व फाशी परत येईल, असे दोन रशियन संशोधकांनी २०११ साली लिहून ठेवले होते. पाच वर्षांनी तसेच झाले.

तेव्हा तापलेली हवा हे कारण खरे, आणि थांबविलेली लस हेही कारण तितकेच खरे. माझ्या मते दुसऱ्यावर अधिक बोलले पाहिजे. कारण हवा एका वर्षात थंड करता येत नाही, लस मात्र टोचता येते. २०१६ नंतर यमालमध्ये लाखो रेनडिअरांना ती पुन्हा टोचण्यास आरंभ झाला.

नेनेत्स लोक रेनडिअरचे कच्चे मांस व ताजे रक्त घेतात, म्हणून त्यांना दोष देणारेही निघाले. जेथे भाजीपाला उगवत नाही, तेथे शरीराला लागणारी जीवनसत्त्वे याच अन्नातून मिळतात, हे दोष देणाऱ्यांनी आधी ध्यानात घ्यावे.

अलास्कातील एक मिशन

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रेविग मिशन नावाचे छोटे गाव आहे. ब्रेविग या लूथरन पाळकांवरून ते नाव पडले. रेनडिअर पालनाच्या ठाण्याबरोबर तेथे मिशन वाढले होते. १९१८ च्या नोव्हेंबर महिन्यात इन्फ्लुएंझाची साथ तेथे पोहोचली. १५ ते २० नोव्हेंबर या अवघ्या पाच दिवसांत सुमारे ८० प्रौढांपैकी ७२ जण मरण पावले. त्यांना गावाजवळच्या टेकाडावर एकाच मोठ्या खड्ड्यात, गोठलेल्या भूमीत, पुरण्यात आले व वर क्रूस रोवण्यात आले.

ही तीच साथ जिला आपल्याकडे जुनी माणसे 'मानमोडी' म्हणत. जून १९१८ मध्ये ती मुंबई बंदरातून या देशात शिरली आणि तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली. ज्यांच्या मंडळीत त्या काळची मयतांची नोंदवही जपलेली आहे, त्यांनी ऑक्टोबर १९१८ ची पाने उघडून पाहावीत.

१९५१ साली जोहान हुल्टिन नावाचा स्वीडनमध्ये जन्मलेला तरुण विद्यार्थी ब्रेविग मिशनला आला. त्याला या साथीचा विषाणू शोधावयाचा होता. त्याने गावच्या वडील मंडळींची परवानगी मागितली, त्यांनी दिली. शेकोट्या पेटवून जमीन थोडी थोडी वितळवीत त्याने खणले, आणि प्रेतांच्या फुफ्फुसांचे तुकडे घेऊन तो परतला. कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढविण्याचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला. काही वाढले नाही. तेहतीस वर्षांत तो विषाणू मरून गेला होता.

पुढे शेहेचाळीस वर्षांनी, १९९७ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी हुल्टिन पुन्हा तेथे गेला. जेफ्री टॉबेनबर्गर या शास्त्रज्ञाने जुन्या ऊतींतून त्या विषाणूच्या रचनेचे काही अंश मिळविल्याचे त्याच्या वाचनात आले होते. त्याने पुन्हा गावाची परवानगी घेतली, पुन्हा खणले. या वेळी एका धिप्पाड स्त्रीचे प्रेत सापडले. अंगावरील चरबीमुळे तिची फुफ्फुसे चांगली राहिली होती. त्यांतून विषाणू नव्हे, तर विषाणूच्या रचनेचे तुकडे मिळाले. ते जुळवून २००५ साली ती रचना पूर्ण वाचता आली. खणून झाल्यावर हुल्टिनने खड्डा बुजविला, आणि जुने क्रूस नाहीसे झाले होते म्हणून गावच्या शाळेच्या सुतारशाळेत दोन नवे क्रूस करून तेथे उभे केले.

मग भिण्यासारखे काय, आणि काय नाही?

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे विषय उलगडतो. फाशीचा जंतू कवच धरून निजतो, म्हणून परत येतो. इन्फ्लुएंझाचा विषाणू नाजूक. त्याचे तुकडे राहतात, जीव राहत नाही. देवीच्या रोगाचेही आजवर तसेच दिसले आहे. सायबेरियातील तीनशे वर्षांपूर्वीच्या एका गोठलेल्या प्रेतात देवीच्या विषाणूचे अंश सापडल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले. जिवंत विषाणू नव्हता. देवी १९८० साली जगातून गेल्याचे जाहीर झाले, देवी काढणेही बंद झाले, म्हणून शास्त्रज्ञ या बाबतीत सावध असतात, हे योग्यच आहे.

सर्वच विषाणू नाजूक असतात असे मात्र नाही. फ्रान्सचे झाँ-मिशेल क्लावेरी व शांताल अबेर्जेल या पतिपत्नींनी २०१४ साली सायबेरियातील तीस हजार वर्षांपूर्वीच्या मातीतून एक प्रचंड आकाराचा विषाणू जिवंत केला, आणि २०२३ साली आणखी तेरा विषाणूंची माहिती दिली. त्यांतला सर्वांत जुना ४८,५०० वर्षांपूर्वीचा. हे सारे विषाणू केवळ अमीबा या सूक्ष्म एकपेशीय जीवाला लागतात. त्यांनी मुद्दाम असेच विषाणू शोधले, जेणेकरून प्रयोगशाळेतून माणसाला धोका होऊ नये. वर्तमानपत्रांतील मथळ्यांत ही ओळ बहुधा गाळलेली असते.

आपल्या गावात

आपली भूमी गोठत नाही, परंतु फाशी आपल्याकडे आहे. कर्नाटक, आंध्र, ओडिशा, बंगाल येथे तो अधूनमधून येतो. ओडिशाच्या कोरापुट भागात मेलेल्या जनावराचे मांस सोलून खाल्ल्याने गरीब आदिवासी बांधवांना तो अनेकदा झाला आहे. भुकेल्या घराला 'खाऊ नका' एवढेच सांगून भागत नाही, हेही तितकेच खरे. बेळगाव किंवा हैदराबादकडील खेड्यांत ज्यांची गुरेमेंढरे आहेत, त्यांनी एवढे जाणून असावे: जनावर एकाएकी मेले व नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त आले, तर ते सोलू नये, चिरू नये, ओढत नेऊ नये. गुरांच्या डॉक्टरांना कळवावे. ते सांगतील तसे ते जाळावे किंवा खोल पुरावे. न चिरण्याचे कारण वर आलेच आहे. अंगावर न दुखणारा काळ्या खपलीचा फोड आला, तर दवाखान्यात जाऊन जनावराशी संबंध आल्याचे डॉक्टरांना सांगावे. वेळेवर औषध मिळाले तर हा फोड बरा होतो.

शिक्षकांसाठी

मुलांना बीजाणू समजावून सांगण्यास एक सोपा प्रयोग आहे. ज्यांच्या घरी फ्रीज आहे त्यांनी आठवडाभर आधी बर्फाच्या कप्प्यात मेथीची ताजी पाने आणि मेथीचे कोरडे दाणे ठेवावेत. वर्गाच्या दिवशी दोन्ही बाहेर काढावेत. पाने लिबलिबीत होऊन पडतील. दाणे ओल्या फडक्यात बांधून मुलांजवळ द्यावेत. पुढच्या रविवारपर्यंत मोड येतील. पान म्हणजे मानमोडीचा विषाणू, दाणा म्हणजे फाशीचा बीजाणू, एवढे सांगितले की पुरे. नकाशावर यमाल व ब्रेविग मिशन ही दोन ठिकाणे मुलांकडूनच शोधून घ्यावीत. प्रेते, फुफ्फुसे यांचे वर्णन लहान मुलांपुढे करू नये.

प्रौढ वर्गात हुल्टिनच्या परवानगी मागण्यावर चर्चा चांगली रंगेल: तुमच्या गावच्या कबरस्तानात असे कोणी खणू देण्यास आले, तर मंडळीने काय उत्तर द्यावे, आणि ते कोणी द्यावे? दुसरा प्रश्न २००७ सालचा घ्यावा. साठसहासष्ट वर्षांत रोगाचे एकही जनावर नाही, पैसा मोजका, आणि लस चालू ठेवावी की नाही हे ठरविणे तुमच्याकडे आहे. वर्गाचे दोन भाग करून दोन्ही बाजू मांडावयास लावाव्यात, व ज्यांना 'बंद करा' ही बाजू मिळेल त्यांना अधिक वेळ द्यावा. त्यांचे म्हणणे वाटते तितके पोकळ नाही.